ब्लॉगसाठी ‘पाटकरी’ हे नाव कसे वाटते, आणि डोमेन कोणते घ्यावे?

तापीकाठ

नमस्कार. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील जुन्या सिंचनव्यवस्थेविषयी, विशेषतः पांझरा आणि मोसम या नद्यांवरील फड पद्धतीविषयी (नदीच्या बंधाऱ्यातील पाणी पाटाने शेतांच्या गटांना, म्हणजे फडांना, पाळीने देण्याची पद्धत), ब्लॉगवर सवडीने लिहावे असे योजले आहे. काही लेख वह्यांमध्ये तयार असून मुलगी ते टंकून देणार आहे. अडले आहे ते नाव आणि पत्ता यांपाशी.

‘पाटकरी’ हे नाव मला सर्वांत जवळचे वाटते, कारण बंधाऱ्यातून आलेले पाटाचे पाणी कोणत्या फडाला केव्हा द्यायचे हे पाहणाऱ्या, गावाने नेमलेल्या माणसाला पाटकरी म्हणतात. ‘बारव’ (पायऱ्यांची विहीर) हे दुसरे नाव डोक्यात आहे, ‘झऱ्याकाठी’ हे मुलीने सुचवले आहे, आणि शीर्षक शोधत बसण्यापेक्षा सरळ स्वतःचे नाव द्यावे असे काही स्नेह्यांचे म्हणणे आहे. पुढेमागे वाचलेली पुस्तके, प्रवास आणि खानदेशी स्वयंपाक यांवरही लिहिण्याचा मोह मला होणार, हे मी जाणून आहे. त्यामुळे नाव पाण्यापुरतेच असावे का, अशी शंका येते.

पत्त्याबद्दल तर माझे ज्ञान तोकडेच आहे. देवनागरीत डोमेन मिळते असे ऐकले आहे. ते घ्यावे की रोमन? डॉट कॉम, डॉट इन आणि डॉट ब्लॉग यांतून निवड कशी करावी? की आधी फुकटच्या पत्त्यावर लिहून पाहावे? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

खडूफळा

डोमेनचे तंत्र मला कळत नाही, त्यामुळे फक्त नावाविषयी लिहितो. मराठी नियतकालिकांची जुनी नावे समोर ठेवून पाहा. ‘दर्पण’ 1832 मध्ये निघाले, ‘केसरी’ 1881 मध्ये, ‘सुधारक’ 1888 मध्ये, ‘मूकनायक’ 1920 मध्ये. एकेका शब्दाची ही नावे आत कोणते विषय असतील हे सांगत नाहीत. लिहिणारा कोणत्या जागेवर उभा राहून बोलणार आहे, एवढेच सांगतात. ‘केसरी’मध्ये दुष्काळापासून पंचांगापर्यंत काहीही आले तरी नाव कधी आखूड पडले नाही. याच्या उलट ‘किर्लोस्कर खबर’ हे 1920 मध्ये कारखान्याचे गृहपत्र म्हणून सुरू झाले आणि मजकूर कारखान्याच्या भिंतींबाहेर गेल्यावर त्यातील ‘खबर’ गळून पडली.

या कसोटीवर ‘बारव’ आणि ‘पाटकरी’ यांत मोठा फरक दिसतो. बारव ही वस्तू आहे आणि तिच्या नावाखाली खानदेशी भरताची पाककृती आली तर वाचकाला ती वाट चुकून आल्यासारखी वाटेल. पाटकरी हा माणूस आहे. तो पाण्याबद्दल बोलेल, गावाबद्दल बोलेल आणि जेवायला बसल्यावर भरताबद्दलही बोलेल.

नाव पुढे बदलता येईलच, असे कोणी म्हणेल. डॉ. आंबेडकरांनी ‘जनता’चे नाव 1956 मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ केले, हे खरे आहे. पण तो बदल विचारपूर्वक आणि जाहीर होता, आणि छापलेले जुने अंक ग्रंथालयाच्या कपाटात जुन्या नावाने सुखरूप राहत होते. जालावर पत्ता बदलला आणि जुना सोडून दिला, तर जुने अंकच कपाटातून नाहीसे होतात. म्हणून छापील नावापेक्षा जालावरच्या नावाला अधिक वेळ द्यावा, असे मला वाटते.

काठावरची

माझे मत वेगळे आहे आणि ते नोंदवते. आपण आयुष्यभर ज्या क्षेत्रात काम केले त्याच क्षेत्राविषयी लिहिणार आहात. अशा वेळी लेखकाचे नाव हीच वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोठी ग्वाही असते. फड पद्धतीवर संशोधन करणारा विद्यार्थी उद्या आपला लेख संदर्भ म्हणून घेईल, तेव्हा त्याला टोपणनावाचा ब्लॉग उद्धृत करणे अवघड जाईल. शिवाय विषय कितीही बदलले तरी स्वतःचे नाव कधी चुकीचे ठरत नाही, म्हणजे खडूफळा यांची कसोटीही त्याने पार पडते.

अडचण एकच दिसते. नाव आणि आडनाव दोन्ही प्रचलित असतील तर तेच नाव असलेली माणसे शेकड्यांनी सापडतात आणि रोमन डोमेन बहुधा आधीच गेलेले असते. तसे असेल तर गावाचे नाव किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर जोडण्याची खटपट करू नये. त्यापेक्षा ब्लॉगला शीर्षक द्यावे आणि प्रत्येक लेखाखाली पूर्ण नाव, तसेच खात्यात कोणत्या भागात काम केले याची दोन ओळींची माहिती न चुकता द्यावी.

शून्यएक

जालाच्या पत्त्यांशी माझा रोजच्या कामात संबंध येतो, म्हणून थोडे लांबवर लिहितो.

आधी देवनागरीविषयी. डॉट भारत हे देवनागरी डोमेन ऑगस्ट 2014 मध्ये खुले झाले आणि हिंदीबरोबरच मराठी व कोकणीसाठीही ते आहे. त्यामुळे ‘पाटकरी.भारत’ असा पत्ता घेणे शक्य आहे. मात्र पत्त्यांच्या मूळ यंत्रणेला आजही रोमन अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह एवढेच कळते. देवनागरी नाव ‘प्युनीकोड’ नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांत बदलले जाते आणि त्या रूपाच्या सुरुवातीला एक्स, एन आणि दोन संयोगचिन्हे येतात. ब्राउझर हे रूप बहुतेक वेळा लपवून देवनागरीच दाखवतो. पण तोच दुवा नक्कल करून व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये चिकटवला की अनेकदा ती अगम्य अक्षरमाळ बाहेर येते. फसव्या दुव्यांबद्दल इतके बजावले जात असताना असा दुवा उघडायला वाचक कचरतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

मराठीची म्हणून खास अडचण पुढेच आहे. ‘झऱ्याकाठी’ हे नाव कानाला फार गोड आहे, पण त्यातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. बहुभाषिक डोमेनच्या 2003 च्या नियमांनुसार ते न दिसणारे चिन्ह गाळून टाकले जाई, म्हणजे ‘ऱ्या’चा ‘र्या’ होई. 2008 च्या नियमांनी हलंतानंतर त्याला परवानगी दिली, पण ते स्वीकारायचे की नाही हे प्रत्येक रजिस्ट्रीवर, म्हणजे त्या त्या डोमेनची मूळ नोंद सांभाळणाऱ्या संस्थेवर, सोडले. वाचकाच्या फोनवरील कळफलक यांपैकी कोणता प्रकार लिहितो, यावर आपला ब्लॉग उघडणार की नाही हे ठरावे, ही स्थिती बरी नाही. ‘ॲ’चीही हीच गत आहे. स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये 2008 साली आला, आणि त्याआधीपासून अनेक जण ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहीत आले आहेत. देवनागरी डोमेन घ्यायचेच असेल तर ही दोन्ही अक्षरे नावात नसावीत. ‘पाटकरी’ या बाबतीत निर्धोक आहे.

आता रोमन. येथे ‘पाटकरी’चीच परीक्षा कठीण आहे. पी-ए-टी-के-ए-आर-आय असे लिहिले तर ते पाटकरी, पटकरी, पत्करी यांपैकी काहीही वाचता येते, आणि घाईने वाचणाऱ्याला ते पाटकर हे आडनाव वाटेल. सुरुवातीला दोन ए लावले तर उच्चार स्पष्ट होतो, पण ऐकून टंकणारा माणूस एकच ए लिहिण्याची शक्यता जास्त. मराठी नावांच्या रोमन लेखनात आ-अ, ट-त, ळ-ल आणि ‘व’ हे अक्षर यांचा घोळ अटळ आहे. ‘ज्ञ’ असलेले नाव तर चार माणसे चार प्रकारे लिहितात. त्यामुळे नाव पक्के करण्यापूर्वी ते एखाद्या नातेवाइकाला फोनवर एकदाच सांगावे आणि कोणतीही सूचना न देता रोमनमध्ये लिहून पाठवायला सांगावे. जे स्पेलिंग बहुतेकांकडून येईल ते मुख्य समजावे, आणि दुसरे मिळत असेल तर तेही घेऊन मुख्य पत्त्याकडे वळवून द्यावे. संयोगचिन्ह टाकून नाव मिळवण्याचा मार्ग नियमात बसतो, पण फोनवर ‘मध्ये एक आडवी रेघ’ असे आयुष्यभर सांगत बसावे लागते.

सातासमुद्रापार

शून्यएक यांच्या म्हणण्याला परदेशातून दुजोरा देतो. येथील आमच्या मराठी मंडळातील कितीतरी जण मराठी उत्तम वाचतात, परंतु त्यांच्या कार्यालयीन संगणकावर देवनागरी कळफलक नसतो आणि तो बसवण्याची परवानगीही नसते. पत्ता देवनागरीत असेल तर ते फक्त कोणी पाठवलेल्या दुव्यावरूनच येऊ शकतील. मजकूर पूर्ण मराठीत आणि पत्ता रोमनमध्ये, यात मला काहीही विसंगत वाटत नाही. डॉट इन आणि डॉट कॉम यांत आम्हा परदेशस्थांना वाचक म्हणून काडीचा फरक पडत नाही.

तापीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ‘झऱ्याकाठी’ का सोडावे लागेल हे मुलीला समजावून सांगितले. तिने दोन्ही प्रकारचे ‘ऱ्या’ टंकून शोधले, निकाल खरोखरच वेगळे आले आणि तिची खात्री पटली. ‘बारव’ लिहून शोधल्यावर बारवांची छायाचित्रे आणि लेख इतके येतात की त्या गर्दीत माझा ब्लॉग कोणाला दिसणार नाही, हेही लक्षात आले. स्वतःच्या नावाबाबत काठावरची यांचा मुद्दा मला पटला, म्हणून लेखांखाली पूर्ण नाव देईन. पण डोमेनसाठी ते नको, कारण खात्याच्या जुन्या निर्णयांवर मी जे लिहीन ते लेखकाचे मत म्हणून वाचले जावे, पत्त्यातच माणूस उभा नको.

आता डॉट इन की डॉट कॉम, आणि फुकटच्या पत्त्यापासून सुरुवात करावी का, एवढे प्रश्न उरले आहेत. एका रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) संकेतस्थळावर पहिल्या वर्षासाठी शंभर रुपयांच्या आतली जाहिरात दिसली, तिच्यावर विसंबावे का?

शून्यएक

जाहिरातीपासून सुरुवात करतो. डॉट कॉमचा घाऊक दर सप्टेंबर 2024 मध्ये वर्षाला 10.26 डॉलर झाला. रजिस्ट्रारला घाऊक दराची रक्कम मूळ रजिस्ट्रीला भरावीच लागते. त्याहून फारच स्वस्त मिळणारे पहिले वर्ष हे गिऱ्हाईक आत घेण्यासाठी सोसलेला तोटा असतो आणि तो दुसऱ्या वर्षापासून वसूल होतो. म्हणून फक्त नूतनीकरणाचा दर पाहावा. बहुतेक ठिकाणी तो लहान अक्षरांत असतो, पण असतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंदणी करता येते. आपण निवृत्त आहात आणि दरवर्षीची आठवण नको असेल, तर एकदम काही वर्षांचे पैसे भरणे सोयीचे.

स्वयंचलित नूतनीकरणावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. आवर्ती, म्हणजे ठरावीक काळाने कार्डावरून आपोआप होणाऱ्या, वसुलीबाबतचे रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर 2021 पासून लागू झाले, आणि तेव्हापासून परदेशी कंपन्यांची भारतीय कार्डांवरील अशी वसुली पुष्कळदा होतच नाही. मुदत संपल्यावर डॉट कॉमसारखे डोमेन लगेच जात नाही. रजिस्ट्रार देईल तशी, कमाल 45 दिवसांपर्यंत, सवलतीची मुदत असते, नंतर 30 दिवस जबर दंड भरून सोडवण्याची, आणि शेवटचे 5 दिवस काहीही करता येत नाही. त्यानंतर ते कोणीही उचलू शकतो, आणि उचलणारे टपलेलेच असतात.

डॉट इन आणि डॉट कॉम हे दोन्ही भक्कम आहेत. डॉट इनचा कारभार 2005 पासून ‘निक्सी’ या भारतीय संस्थेकडे आहे. डॉट कॉमला रजिस्ट्रारच्या मध्यस्थ सेवेमागे स्वतःचे नाव झाकून ठेवता येते, डॉट इनला अशा मध्यस्थ नावाने नोंदणी चालत नाही. ओळखपत्राची पडताळणीही मागितली जाते, ती आधार किंवा पॅन हाताशी ठेवून पूर्ण करावी. मजकूर मराठी, वाचक मुख्यतः महाराष्ट्रातील आणि विषय येथील मातीतला असल्यामुळे मी डॉट इन घेईन. डॉट ब्लॉगमध्ये वाईट काही नाही, पण अनोळखी शेपटामागे अनेक जण सवयीने पुन्हा डॉट कॉम लावतात.

दुसऱ्या देशांची दोन अक्षरी डोमेने केवळ सुंदर दिसतात म्हणून घेऊ नयेत. युगोस्लाव्हिया उरला नाही आणि 2010 मध्ये डॉट वाययू बंद झाले. डॉट आयओ हे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचे आहे आणि त्या बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर 2025 मध्ये सह्या झाल्या. टोकेलाऊ बेटांचे डॉट टीके वर्षानुवर्षे फुकट मिळे. ती नवी फुकट नोंदणी 2023 मध्ये थांबली.

फुकटच्या उपडोमेनवर, म्हणजे ब्लॉगसेवेच्या पत्त्याला जोडून मिळणाऱ्या पत्त्यावर, सुरुवात करायला माझी हरकत नाही, पण ती लिहिण्याची सवय लागेपर्यंतच. 2012 च्या सुमारास भारतातील वाचकांना गुगलच्या ब्लॉगस्पॉट या फुकट सेवेचे पत्ते डॉट कॉमऐवजी डॉट इनने दिसू लागले आणि अनेकांनी तेच पत्ते इतरत्र दिले. पुढे 2020 मध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन हे डोमेन गुगलच्या हातून गेले. ब्लॉग डॉट कॉमवर शाबूत होते, मेले ते दुवे; आणि ज्यांचे दुवे मेले त्या लेखकांना त्यावर करण्यासारखे काही नव्हते. स्वतःचे डोमेन असले की लेखन कोणत्याही सेवेवर हलवले तरी पत्ता तोच राहतो. आपल्याकडे लेख तयारच आहेत, तेव्हा पहिल्या दिवसापासून स्वतःचे डोमेन जोडावे, खालची सेवा फुकटची असली तरी चालेल.

काठावरची

एक कायदेशीर बाजू राहिली. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितले आहे की डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते. ‘पाटकरी’ नावाने एखादी ठिबक सिंचनाची कंपनी किंवा बियाण्यांचा वाण आहे का, हे व्यापारचिन्ह नोंदणीच्या सार्वजनिक शोधपानावर दोन्ही लिप्यांत पाहून घ्यावे. आपले लेखन पाण्याविषयीच असल्यामुळे गोंधळ होण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त आहे. तसेच ते डोमेन पूर्वी कोणी वापरून सोडले होते का, हे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर दिसते. जुगाराचे किंवा बनावट औषधांचे संकेतस्थळ त्या पत्त्यावर नांदून गेले असेल तर त्याची बदनामी आपल्याकडे वारशाने येते.

खडूफळा

नाव ठरतच आले आहे, तर त्याखाली एक उपशीर्षक अवश्य द्यावे. शहरात वाढलेल्या वाचकाला पाटकरी म्हणजे कोण हे माहीत नसेल. ‘पाणी, गाव आणि इतर नोंदी’ असे काहीतरी साधे पुरेल. उपशीर्षक केव्हाही बदलता येते, त्यामुळे विषयाची सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकावी आणि नावाला मोकळे सोडावे.

तापीकाठ

फोनवरून विचारण्याची परीक्षा घेतली. नात्यातील बहुतेकांनी एकच ए लिहिला. दोन ए लिहिणारे सगळे तिशीच्या आतले निघाले, याचे कारण मला उमगले नाही. त्यामुळे एका ए-चे डॉट इन मुख्य ठेवून दोन ए-चे त्याच्याकडे वळवावे असे ठरवत आहे, अर्थात काठावरची यांनी सांगितलेले दोन्ही शोध घेऊन झाल्यावर. डॉट भारत सध्या घेत नाही. खडूफळा यांचे उपशीर्षक त्यांच्या परवानगीने जसेच्या तसे उचलतो.

भाचा संगणकाच्या व्यवसायात आहे आणि तो आपल्या खात्यातून नोंदणी करून देतो म्हणतो. तसे करण्यास काही हरकत आहे का?

शून्यएक

भाच्याकडून मदत जरूर घ्यावी, पण खाते आपल्याच नावाचे उघडावे. नोंदीत ज्याचे नाव असते तोच डोमेनचा धारक मानला जातो, पैसे कोणी भरले याला महत्त्व नसते. एका गिर्यारोहण मंडळाचे डोमेन अशाच एका उत्साही सदस्याच्या खात्यात होते; तो नोकरीनिमित्त परदेशी गेला, त्याचा जुना ईमेल बंद पडला, आणि मंडळाला शेवटी नवे नाव घ्यावे लागले.

नोंदणीनंतर ईमेलच्या पडताळणीचा दुवा येईल, तो लगेच उघडावा. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी पंधरा दिवसांत पडताळणी न झाल्यास पत्ता तात्पुरता बंद होतो. संपर्कासाठी दिलेला ईमेल त्याच नव्या डोमेनवरचा नसावा, कारण मुदत संपून डोमेन थांबले की सूचना येण्याचा मार्गही त्याच्याबरोबर बंद होतो. नेहमीचा जुना ईमेल द्यावा, पर्यायी संपर्क म्हणून मुलीचा द्यावा, आणि पासवर्ड कोठे लिहून ठेवला आहे हे घरात आणखी एकाला सांगून ठेवावे.